मदत हवी आहे: सरकारी धोरण आणि आयटी (सोमवारपर्यंत!!)

घाईत_मृणाल
सोमवारी प्रेझेंटेशन आहे. विषय: सरकारी धोरणामुळे उद्योगाला मिळालेली आघाडी. पहिली स्लाइड 'आयबीएम गेली' (ती अमेरिकन कॉम्प्युटर कंपनी), शेवटची 'आपण जगात पुढे'. मधे सरांनी लाल पेनने 'कसं?' एवढंच लिहिलंय. लवकर सांगा, लिंका नकोत.

निवांत
कुठला देश? सॉफ्टवेअर की हार्डवेअर? किती मिनिटं?

घाईत_मृणाल
भारतच ना! आयटी म्हणजे सगळंच. दहा मिनिटं.

सीप्झकाका
'सगळंच' म्हणालीस तिथेच घोळ आहे. परकीय चलनाच्या फेरा कायद्याने कंपन्यांमधला परकीय हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं, आयबीएमला ते पटलं नाही, १९७८ला गाशा गुंडाळला. त्यांची मशिनं सांभाळायला सरकारी कंपनी सीएमसी. पण त्याने निर्यात नाही वाढली. मी ८६ला सीप्झमध्ये, म्हणजे मुंबईच्या निर्यात क्षेत्रात, लागलो. काम झालं की प्रोग्रॅम टेपवर, टेप कुरियरने. एकदा कस्टमवाल्याने विचारलं, आत काय? म्हटलं सॉफ्टवेअर. त्याने चकती उलटीपालटी करून पाहिली, "हे तर कोरंच दिसतंय." १९९१ला सरकारी सॉफ्टवेअर पार्कांचं एसटीपीआय आलं, उपग्रहावरून प्रोग्रॅम पाठवायला ६४ केबीपीएसची डेटा लाइन मिळायला लागली, तेव्हा ही कटकट संपली.

परमभक्त
आणि सीडॅक, ती सरकारी कॉम्प्युटर संशोधन संस्था? अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला आढेवेढे घेतले म्हणून १९८८ला पुण्यात सीडॅक निघालं, १९९१ला विजय भटकरांच्या टीमने परम ८००० हा आपला महासंगणक उभा केला. आघाडी म्हणतात ती ही.

सीप्झकाका
अभिमान मलाही आहे हो. पण डॉलर आणले ते आम्ही कोबोलमध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी.

परमभक्त
सगळं डॉलरातच मोजायचं का?

चिपवेडा
भारत सोड, तैवान घे. तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने, इट्रीने, १९७६ला आरसीए या अमेरिकन कंपनीकडून चिपचं तंत्रज्ञान घेतलं, इंजिनियर तिकडे शिकायला धाडले. १९८७ला टीएसएमसी ही चिप कंपनी निघाली, त्यात जवळपास निम्मं भांडवल सरकारचं. आपली मोहालीची चिप फॅक्टरी १९८९ला आगीत खाक झाली.

घाईत_मृणाल
तैवान नको!! मागच्या बॅचने सगळ्यांनी तेच केलं, सर नाव काढलं तरी चिडतात.

चिपवेडा
हे आधी सांगायचं ना.

पुणेरी_पगडी
फाँट २४च्या खाली नको. मागे बसणाऱ्यांना दिसत नाही.

निवांत
मृणाल, मधे तुलना टाक. १९९७ला आपण जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात शिरलो, हार्डवेअरवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं. इथे कॉम्प्युटरची जुळणी करणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. सॉफ्टवेअर निर्यातीच्या नफ्याला मात्र आयकर कायद्याच्या कलम १०एची करमाफी, थेट मार्च २०११पर्यंत. सरकार तेच, एकाला तूपरोटी, दुसऱ्याला उपास.

परमभक्त
नुसत्या करमाफीने होत नसतं. इंग्रजी येणारी, कमी पगारात राबणारी पोरं होती म्हणून जमलं.

निवांत
ती पोरं सरकारी आयआयटी आणि आरईसी या इंजिनियरिंग कॉलेजांतून स्वस्तात शिकूनच बाहेर पडली ना?

घाईत_मृणाल
भांडू नका ना! आयबीएमची स्लाइड काढू का?

सीप्झकाका
ठेव. फक्त १९९२ला ती टाटांचा हात धरून परत आली, तेही लिही. सर नक्की विचारतील.

घाईत_मृणाल
थँक्यू काका! त्या टेपचा फोटो आहे का तुमच्याकडे?