बहिणीची मुलगी दत्तक घ्यायची आहे, नोटरीचं पत्र पुरेल का?

सातारची मावशी:
धाकटी बहीण आणि मेहुणे दोघंही गेले. त्यांची ८ वर्षांची लेक आमच्याकडेच आहे, माझ्या मुलीशेजारी झोपते. प्रत्येक फॉर्मवर ‘पालक कोण?’ इथे गाडी अडते. नोटरी म्हणतात, स्टॅम्पपेपरवर दत्तकपत्र करू.

जुना वकील:
ताई, अजिबात करू नका. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे घरात मुलगी असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. उद्या वारसाहक्काच्या वेळी ते पत्र टिकणार नाही आणि भोगेल ती पोर. तुमचा रस्ता बाल न्याय कायदा, २०१५. त्यात मावशी ‘नातेवाईक’ धरली जाते. ‘कारा’च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नोंदणी करा, जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. आईवडील हयात नाहीत, म्हणून बाल कल्याण समितीकडेही जावं लागेल. २०२१च्या दुरुस्तीने दत्तक आदेशाचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आलाय.

अंगणवाडी सेविका:
मूल ५ वर्षांचं झालं की त्याचीही संमती लागते. तिच्याशी घरीच नीट बोला. साहेबांपुढे एकदम विचारलं की पोरं गप्प होतात. आईवडील नसलेल्या मुलांना सरकारी मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेचीही चौकशी करा.

सातारची मावशी:
सोमवारी कक्षात जाते. मृत्यूचे दाखले मूळच द्यायचे का?

जुना वकील:
मूळ दाखवा, झेरॉक्स द्या. आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.