मदत हवी आहे: ॲल्गॉन्क्विनच्या कनू (वल्हवायची निमुळती होडी) सहलीसाठी दुरुस्तीच्या पिशवीत काय घ्यावं?

मंडळी, सप्टेंबरात मी, नवरा, दीर आणि जाऊ असे चौघं कॅनडातल्या ओंटारियोच्या ॲल्गॉन्क्विन पार्कात आतल्या भागात मुक्कामाला निघालोय. कनू लेकवरून जो लेक, मग बर्न्ट आयलंड, ऑटरस्लाइडची तळी आणि तिथून ओढ्याने बिग ट्राउट. कनू केव्हलारच्या (हलक्या, चिवट कृत्रिम धाग्याच्या), भाड्याने घेणार. तंबू, स्टोव्ह, पाण्याचा फिल्टर घरचे.

हायवे ६० लगतच्या कॅम्पग्राउंडवर आम्ही नेहमी जातो, पण तिथे काही मोडलं तर गाडी शेजारी उभी असते. आत फोनला रेंज नाही, आणि परतायचं म्हणजे गेलो तेवढंच वल्हवत यायचं. म्हणून दुरुस्तीची पिशवी नीट विचार करून भरायची आहे. वजनही बघायला हवं, कारण पोर्टेजला (एका तळ्यातून दुसऱ्यात कनू आणि सामान उचलून चालत नेताना) सगळं पाठीवर येतं. कनू लेक ते जो लेक २९५ मीटरच आहे, पण बर्न्ट आयलंड ते लिटल ऑटरस्लाइड ७९० मीटर चालायचंय.

सध्या काढून ठेवलंय ते असं: डक्ट टेप, मल्टिटूल, नायलॉनची दोरी, झिप टाय, जाड सुई आणि डेंटल फ्लॉस (साध्या दोऱ्यापेक्षा खूप चिवट), तंबूच्या काठीसाठी ॲल्युमिनियमची नळी, कापडाला चिकटणारी ठिगळं. अडलंय ते कनूपाशी. ऑटरस्लाइडचा ओढा उथळ आणि खडकाळ आहे. तळाला चीर गेली तर टेप पुरेल, की इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा गोंद) आणि फायबरग्लासचं कापडही न्यावं? नवऱ्याच्या मते न्यावं, दिराच्या मते उगाच ओझं. ज्यांनी प्रत्यक्ष दुरुस्ती केली आहे त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, भाड्याची केव्हलार असेल तर द्रव इपॉक्सी घरी ठेवा. एक तर सप्टेंबरातल्या थंडीत ते वाळायला फार वेळ घेतं. दुसरं, घाईत थापलेला थर नंतर खरवडून काढावा लागतो आणि मालकाची पक्की दुरुस्ती अवघड होते. तळावरच्या ओरखड्यांनी घाबरू नका, ते असणारच. बोटाने दाबल्यावर जागा मऊ लागली किंवा पाणी झिरपलं, तरच हात घाला.

टेप पुरते, पण ओल्यावर अजिबात धरत नाही. लोक इथेच घाई करतात. कनू उन्हात पालथी घाला, जागा पूर्ण सुकू द्या, बारीक सँडपेपर हलका फिरवा, अल्कोहोलच्या पुसणीने पुसा. टेप बाहेरच्या बाजूने लावा, म्हणजे पाण्याचा दाब तिला आत दाबतो. तुकड्याचे कोपरे कात्रीने गोल करा; चौकोनी कोपरा खडकाला घासून आधी उचकटतो. मग चमच्याच्या पाठीने जोर देऊन घोटा. सँडपेपरचा चतकोर तुकडा आणि चार-पाच पुसण्या यादीत वाढवा. पाऊस थांबतच नसेल तर मळून लावायची इपॉक्सी पुट्टी ओल्या जागेवरही बसते. तिची एक कांडी न्या. दोघांचंही समाधान होईल.

आणि योक (कनू खांद्यावर उचलायची मधली आडवी पट्टी)! भाड्याची कनू घेताना योकचे आणि बसायच्या पाट्यांचे बोल्ट हाताने हलवून बघा. गाडीच्या टपावर हादरून ते सैल होतात. त्याच मापाचा एक बोल्ट, नट आणि वॉशर दुकानातूनच मागून घ्या. पोर्टेजच्या मध्यावर योक सुटला तर टेपचा काही उपयोग नाही. जादा वल्हं घ्याच, मोडलेलं जोडत बसण्यापेक्षा ते बरं.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. भर एवढीच की फिल्टर पोकळ धाग्यांचा असेल तर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. गोठला की आतले धागे फुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. गोठल्याची शंका आली तरी तो वापरू नका, पाणी खळखळून एक मिनिट उकळा. तंबूची चेन नीट बसत नसेल तर पक्कडीने तिचा सरकता भाग दोन्ही बाजूंनी किंचित दाबा, बहुतेक वेळा काम होतं. ती ॲल्युमिनियमची नळी तुमच्या काठीवर बसते का, ते मात्र घरीच घालून बघा.

धागाकर्ती

मनापासून आभार. नळी आत्ताच घालून पाहिली, आमच्या काठीला बारीक पडते आहे, मोठी आणते. बोल्टचं तर डोक्यातच आलं नव्हतं. एकच शेवटचं: स्टोव्ह पंपाचा, व्हाइट गॅसवर (पेट्रोलसारखं शुद्ध द्रव इंधन) चालणारा आहे. त्याचं काय सोबत ठेवावं?

प्रतिसाद

पंपाची ओ-रिंग, जेट (इंधन बाहेर पडायचं बारीक छिद्र) साफ करायची सुई आणि दोन थेंब तेल. पंपाची चकती चामड्याची असेल तर ती सुकली की दाब धरत नाही, तेल चोळलं की फुगून पुन्हा बसते. निघण्याआधी घरामागे एकदा स्टोव्ह पूर्ण उघडून जोडून बघा, आणि ते जाऊबाईंनाही दाखवून ठेवा. दोघींना यायला हवं.