"सोडून द्या हो" म्हणणाऱ्यांनो, एक मिनिट

निवडुंग:
परवा शांतिदूत यांची पोस्ट वाचली आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार: रोज लहानसहान अन्याय होतच राहणार, जिथे तिथे भांडत बसलात तर रक्तदाब वाढेल आणि माणसं तुटतील, तेव्हा किरकोळ गोष्टी सोडून द्या आणि ताकद मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवा. खाली "किती छान लिहिलंत" वाल्यांची ही रांग.

मला एवढंच विचारायचंय, तो मोठा प्रसंग येतो कधी? माझे एक वरिष्ठ होते. मी केलेला अहवाल त्यांनी स्वतःच्या नावाने वर पाठवला. मी गप्प, कारण पहिलीच वेळ होती. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, तेव्हा माझी बढती अडकलेली होती म्हणून गप्प. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर गृहस्थ चाटच पडले. "अहो, पण तुमची कधी हरकत नव्हती!" गंमत म्हणजे ते नाटक करत नव्हते. गप्प बसून बसून मीच त्यांना सवय लावली होती. आणि इतक्या दिवसांनी बोलायला गेलो तर आवाज असा काही चिरकला की मुद्दा बाजूलाच राहिला. "तुम्ही आधी शांत व्हा, पाणी प्या" यातच बैठक संपली. ताकद राखून ठेवली होती म्हणे. कुठे ठेवली होती तेच आठवेना. लहान प्रसंगी तोंड उघडायचा सराव नसेल तर मोठ्या प्रसंगी आवाज निघणार कुठून?

अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाई १ डिसेंबर १९५५ रोजी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत. एका सीटचा तर प्रश्न! शांतिदूतांनी त्यांनाही सांगितलं असतं, बाई, दोन थांबे उभ्या राहा, काय बिघडतं?

शांतिदूत:
रोझा पार्क्स येणार हे मला माहीतच होतं. पण अर्धवट सांगू नका. त्या काही त्या संध्याकाळी अचानक भडकलेल्या बाई नव्हत्या. नागरी हक्कांच्या संघटनेत वर्षानुवर्षं काम केलेलं, मॉन्टगोमेरी शाखेच्या चिटणीस राहिलेल्या. त्याच शहरात, त्याच वर्षी, २ मार्चला क्लॉडेट कोल्व्हिन नावाची १५ वर्षांची मुलगी अशीच उठली नव्हती. तिलाही अटक झाली. पण कृष्णवर्णीयांच्या पुढाऱ्यांनी तिच्या अटकेवरून बसवर बहिष्कार पुकारला नाही. नऊ महिने थांबले. मग पार्क्स यांची अटक झाली आणि बहिष्कार ३८१ दिवस चालला. याला योग्य वेळेची वाट पाहणं नाही म्हणत तर काय म्हणतात?

निवडुंग:
पुढचं बरं सोयीस्करपणे गाळलंत! बसमधला भेदभाव ज्या खटल्यामुळे १९५६ साली सर्वोच्च न्यायालयात बेकायदा ठरला, त्याच्या वादींमध्ये पार्क्स नव्हत्या. कोल्व्हिन होती. तुमच्या हिशेबाने चुकीच्या वेळी अडून बसलेली पोरगी.

शांतिदूत:
माझ्या हिशेबाने नाही. तिथल्या पुढाऱ्यांच्या. असो.

आळशी मांजर:
इतिहास राहू द्या हो बाजूला. मला रांगेत घुसणाऱ्यांबद्दल बोलायचंय. पाऊण तास उभं राहावं आणि कोणीतरी फोनवर बोलत बोलत सहज पुढे जाऊन उभं राहावं, जणू बाकीचे सगळे खांबच. मी दर वेळी बोलते. आणि दर वेळी मागचे लोक माझ्याकडेच बघतात, घुसलेल्याकडे नाही. माझं म्हणणं, बोलायची पहिली जबाबदारी त्याच्या लगेच मागे असलेल्याची. त्याच्याच नाकासमोर घडतं ना?

मागचा बाक:
छान. म्हणजे माझं नशीब फुटकं म्हणून घुसखोर नेमका माझ्यापुढे घुसला आणि वर भांडणही मीच करायचं? वेळ सगळ्यांचा जातो. मागचे पंचवीस जण काय नुसतं बघायला आलेत?

निवडुंग:
यावर प्रयोग झालाय. मिलग्रॅम नावाचे मानसशास्त्रज्ञ, तेच ते आज्ञापालनाच्या प्रयोगातले विजेच्या झटक्यांवाले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम १२९ रांगांमध्ये घुसून पाहिलं, निबंध १९८६ साली छापून आला. एकटा घुसला तर निम्म्याच्या आसपास वेळा कोणीतरी हटकलं. दोघं मिळून घुसले तर बहुतेक वेळा. आणि हटकणारा बहुधा लगेच मागचाच. पण खरी मेख पुढे आहे. घुसणाऱ्याच्या मागे यांनी आपलीच दोन माणसं आधीपासून उभी केली आणि त्यांना काही बोलायचं नाही असं बजावलं, तेव्हा हरकत घेणारे जवळजवळ उरलेच नाहीत. दोघं गप्प बसले की मागचेही गप्प. शांतिदूतांच्या "सोडून द्या" चा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो ते बघा.

मागचा बाक:
म्हणजे मांजरबाई बरोबर आणि मी चूक, हे विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी. धन्य झालो.

तिठा:
मी सहसा इथे लिहीत नाही. पण तो घुसलेला माणूस एकदा मी होतो. वडिलांना दवाखान्यात आत घेतलं होतं आणि एक कागद खिडकीतून लगेच हवा होता. पुढच्या दोघांना विचारून, त्यांनी मान हलवल्यावरच मी पुढे उभा राहिलो. मागून एक बाई कडाडल्या. "तुमच्यासारख्यांमुळेच सगळं बिघडलंय, लाज वाटत नाही?" सगळी रांग त्यांच्या बाजूने. मी काही बोलू शकलो नाही, पुन्हा शेवटी जाऊन उभा राहिलो. त्या बाई घरी जाऊन आज अन्यायाविरुद्ध आवाज उठवला असं सांगत असतील. निवडुंग, तुमच्या धाग्यात या बाई कुठे बसतात?

आळशी मांजर:
वाईट वाटलं वाचून. पण म्हणजे आता आम्ही घुसणाऱ्या प्रत्येकाच्या घरची दुखणी आधी विचारून घ्यायची का? शंभरातले नव्याण्णव निर्लज्जच असतात.

तिठा:
"काय झालं?" एवढे दोन शब्द. दुखण्यांची यादी कोणी मागितली?

आळशी मांजर:
त्या दोन शब्दांना मला आजवर मिळालेली उत्तरं इथे लिहिली तर धागा उडेल. तुम्ही सज्जन असाल, पण तुमच्या एका प्रसंगावरून आम्हाला सभ्यता शिकवू नका.

शांतिदूत:
हेच, नेमकं हेच! ज्याला तुम्ही अन्याय समजून तुटून पडता तो अन्याय आहे की नाही हे थांबल्याशिवाय कळत नाही. पण इथे कोणाला थांबायचंय? सगळ्यांना वाघ व्हायचंय.

निवडुंग:
थांबून विचारा, हे मान्य. पण "थांबून विचारा" आणि "सोडून द्या" एकच आहे का? तुमच्या पोस्टमध्ये "विचारा" हा शब्द एकदा दाखवा, हा धागा मी मागे घेतो.

शांतिदूत:
बरं बाबा, नाहीये तो शब्द. झालं समाधान? मिरवणूक काढा.

सावली:
इतका वेळ वाचत होते. तुम्हा दोघांचंही पटत नाहीये.

आमच्या दहा जणांचा पगार कापणार होते. बैठकीच्या आधी सगळे मला म्हणाले, तू नीट बोलतेस, तू बोल, आम्ही आहोतच. मी बोलले. पुरावे, तारखा, करारातलं कलम, सगळं शांतपणे, आवाज न चिरकता (निवडुंग, राग नको). साहेबांनी विचारलं, "हे तुमचं एकटीचं मत की सगळ्यांचं?" मी वळून पाहिलं. नऊच्या नऊ माणसं टेबलाकडे बघत होती. एकजण पेनाचं टोपण काढत होता, लावत होता, काढत होता. ते अजून डोळ्यांपुढे येतं.

कपात रद्द झाली. तीन महिन्यांनी माझ्या जागेची गरज उरली नाही असं पत्र मिळालं. पुढची नोकरी मिळायला अकरा महिने लागले.

तेव्हा "तोंड उघडा, सराव होतो" हे मला कोणी सांगू नये. आणि "सोडून द्या" हेही सांगू नये, कारण त्या नऊ जणांनी अगदी तेच केलं होतं. मोठ्या प्रसंगासाठी ताकद राखून ठेवली होती त्यांनी. मी म्हणजे त्यांना मोठा प्रसंग वाटले नाही, इतकंच.

निवडुंग:
यावर माझ्याकडे उत्तर नाही. वर जे लिहिलं ते पुसणार नाही, पण माझा फक्त अहवाल गेला होता, नोकरी नाही, हे मी आधीच सांगायला हवं होतं.

शांतिदूत:
सावलीताई, माझी पोस्ट तुमच्यासारख्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच होती. तुमचं असं नुकसान होऊ नये म्हणूनच तर.

सावली:
मग ती मला उद्देशून कशाला लिहिलीत? त्या नऊ जणांना उद्देशून लिहायची. फक्त शीर्षक बदलावं लागलं असतं.

मागचा बाक:
इतका वेळ थट्टा करत होतो, आता करवत नाही. एक विचारू का? त्या नऊ जणांपैकी नंतर कोणी काही बोललं?

सावली:
एकाने मेसेज पाठवला होता, पत्र मिळालं त्याच रात्री. "तुझ्यामुळे आमचे पगार वाचले, कधी विसरणार नाही." खाली आणखी एक ओळ होती. "हे मी लिहिलंय असं कोणाला सांगू नकोस."