बोटीचा बेत आणि छोट्याचं लग्न

मी: सगळ्यांना एक सांगायचं होतं. जानेवारीत मी मैत्रिणीच्या घरच्यांसोबत शिडाच्या बोटीनं मुंबईहून रत्नागिरीला जाऊन राहिली आहे. पाच जण आहोत. बोट तिचे बाबा चालवतात, किनारा त्यांच्या ओळखीचा आहे. दिवसा चालायचं, रात्री नांगर टाकायचा. मुरूड, हर्णै, जयगड, मग रत्नागिरी. हो म्हणून बसली, पण आता रात्री झोप लागत नाही.

आई: रत्नागिरीले रेल्वे जात नाही का व बाई? आपली माणसं वैनगंगेच्या पलीकडची. समुद्राशी आपलं काय काम?

मामाजी (पवनी): जाऊ दे नं ताई. पोरगी नदीत पोहायला शिकली. धरणाचं पाणी वाढायच्या आधी आम्ही डोंग्यातूनच पलीकडे शेतात जात होतो.

मोठी आई: डोंगा वेगळा अन् समुद्र वेगळा, भाऊ. एलिफंट्याच्या बोटीचं झालं त्या दिवशी मी टीव्हीसमोरून उठली नव्हती.

मी: मोठी आई, मलाही तेच आठवते.

काकाजी (नागपूर): आठवलंच पाहिजे. १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाचीच स्पीडबोट त्या प्रवासी बोटीवर आदळली. मी नौदलात नोकरी केली, मला ती बातमी आजही बोचते. बऱ्याच प्रवाशांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. म्हणून बेटा, पोहता येतं हे विसरून जा. पडलेला माणूस पोहत राहतो अन् बोट वाऱ्यानं पुढे निघून जाते. डेकवर पाय ठेवला की जॅकेट अंगात, ऊन असो की गरम होवो.

आता एक काम कर. जॅकेट घाल, सगळे पट्टे आवळ, हात वर कर आणि मैत्रिणीला खांद्याला धरून वर ओढायला सांग. हनुवटीपर्यंत नाहीतर कानापर्यंत आलं तर ते तुझ्या मापाचं नाही. पाण्यात ते तोंडावर येईल अन् तू खाली जाशील. दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावायचाच. शिट्टी आहे का बघ, फुंकून बघ.

मी: काल घातलं काकाजी. हनुवटीपर्यंत आलं. उद्या लहान मापाचं मागते.

दादा: जानेवारीत समुद्र शांत असतो नं काकाजी?

काकाजी (नागपूर): पावसाळ्याच्या मानानं खूपच शांत. जून-जुलैत तर मासेमारीच्या यांत्रिक बोटींनाही बंदी असते. पण शांत म्हणजे तळं नव्हे. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे शिकले होते नं, ते तिथं रोज बघायला मिळतात. पहाटे जमिनीकडून हलका वारा, दुपारनंतर समुद्राकडून, बहुतेक वायव्येचा, आणि त्यासोबत लाटा. म्हणून पहाटे निघायचं अन् ऊन उतरायच्या आत बंदर गाठायचं. दक्षिणेला जाताना हा वारा पाठीमागून येतो, ते बरं. त्याच वाऱ्याच्या तोंडावर परत येणं फार जड जातं. येताना रेल्वेनं ये.

दादा: रोज किती चालायचं?

काकाजी (नागपूर): मुंबई ते मुरूड साधारण ४० सागरी मैल धर. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. अशी बोट ताशी पाच मैल गेली तरी खूप झालं, म्हणजे आपल्या सायकलीपेक्षाही हळू. पहिलाच दिवस आठ तासांचा. शिवाय वाटेत कोळ्यांची जाळी असतात. त्यांचे बोये, म्हणजे जाळ्याच्या खुणेचे तरंगते गोळे, दिसले नाहीत तर बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात दोर अडकतो. एकानं सतत पुढे बसून पाहायचं. ते काम तू माग, मन गुंतून राहील.

आई: हिले नागपूरच्या बसमध्येच मळमळते. आठ तास कशी काढेल?

काकाजी (नागपूर): वहिनी, कान म्हणतो हललो, डोळा म्हणतो जागेवरच आहे, त्यानं मळमळते. तिनं खाली केबिनमध्ये बसायचं नाही. बोटीच्या मधोमध बसून दूरच्या क्षितिजाकडे पाहायचं. मोबाइल खिशात. ॲवोमिनसारखी गोळी निघायच्या तास-दोन तास आधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. झोप येते तिनं, म्हणून डॉक्टरला विचारून आधी घरीच सुटीच्या दिवशी घेऊन बघ.

मोठी आई: मी चिवडा अन् करंज्या पाठवतो. दादा मुंबईले चाललाच आहे.

काकाजी (नागपूर): तेलकट नको वहिनी. मुरमुरे, फुटाणे, आलेपाक, आवळा सुपारी. उपाशी पोटीही जाऊ नये, भरल्या पोटीही नको.

मोठी आई: बरं. फुटाणे भाजतो. करंज्या लग्नाले.

दादा: लग्नावरून आठवलं. रविवारी छोट्याची हळद, सोमवारी लग्न. हिचं शुक्रवार संध्याकाळचं विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट मीच काढलं, भंडारा रोडपर्यंत. बोट त्याच आठवड्यात रविवारी निघून बुधवारी रत्नागिरीला पोचते. गुरुवारी रेल्वे, शुक्रवारी मुंबई. बरोबर बसते.

काकाजी (नागपूर): हे मला आधी का नाही सांगितलं? लाटांपेक्षा मला या तिकिटाची जास्त भीती वाटते.

बेटा, नीट वाच. मंगळवारी सकाळी वारा वाढला तर बंदरात थांबायचं, हे त्या गृहस्थांना माझ्यापेक्षा चांगलं कळत असेल. पण पाहुणी पोरगी "माझ्या भावाचं लग्न आहे" म्हणून तोंड उतरवून बसली, तर भला माणूस भिडेपोटी नांगर उचलतो. समुद्रावर निघायचं की नाही ते हवामानावर ठरलं पाहिजे. पोचायची तारीख पक्की झाली की माणूस आकाश बघत नाही, घड्याळ बघतो. तारीख बदला, नाहीतर वाट कमी करा.

आई: तारीखच बदल. लग्न होऊन जाऊ दे.

मी: आई, मैत्रिणीच्या घरच्यांना सुटी तेवढीच आहे. थांबा, तिच्या बाबांशी बोलून येते.

मी: बोलली. ते म्हणाले बरं झालं सांगितलं, लग्नाचं त्यांना माहीतच नव्हतं. आता फक्त हर्णैपर्यंत. सोमवारी पोचायचं, उशीर झाला तरी बुधवारपर्यंत वेळ आहे. तिथून दापोली, खेड आणि कोकण रेल्वे. मुरूडलाच बिघडलं तर तिथूनच रस्त्यानं मुंबई.

काकाजी (नागपूर): शाबास. आता मला निश्चिंत वाटते. हर्णैला आत शिरायची वेळ भरतीची धरा. अंदाजाला तिथीच्या आकड्याची पाऊणपट करतात, ती भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठ, तर सहाच्या सुमारास भरती. पण ते अंदाजाला, बोटीवर छापील तक्ताच बघायचा. लाटांचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था देते, तो रोज पहाटे बघा.

आणखी एक. बोटीचं नाव, रंग, माणसं किती, कुठून कुठे, किती वाजेपर्यंत पोचणार, हे सगळं लिहून जमिनीवरच्या एका माणसाकडे ठेव. ठरल्या वेळेनंतर दोन तास निरोप नाही आला तर त्यानं आधी फोन लावायचा, मग तटरक्षक दलाला १५५४ वर. बोटीवर रेडिओचं चॅनल १६, म्हणजे संकटात हाक मारायचं चॅनल, चालू असू द्यायचं.

आई: तो कागद माझ्याजवळ राहील.

दादा: आई, आपल्याकडे लाइट गेली की टॉवरही जाते.

आई: मग मी ते दोन दिवस नागपूरले काकूकडे येतो. लग्नाची खरेदी बाकीच आहे.

काकाजी (नागपूर): या वहिनी. एक कागद तुमच्याजवळ, एक माझ्याजवळ.

मी: आज रात्री लिहून इथं टाकते. दादा, शुक्रवारचं तिकीट राहू दे.