लॅपटॉपला जादा मॉनिटर जोडून ट्रेडिंग करणारे नाशिककर, तुमचा अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. मी इंदिरानगरला राहतो, तीन वर्षं झाली स्वतःच्या पैशांवर ट्रेडिंग करतोय, जास्त करून निफ्टीचे ऑप्शन्स. आजवर सगळं एका पंधरा इंची लॅपटॉपवरच चाललं. चार्ट बघायचा तर ऑप्शन चेन (सगळ्या ऑप्शन्सच्या भावांचा तक्ता) झाकली जाते, चेन उघडली की ऑर्डरची विंडो मागं जाते. मागच्या महिन्यात एका मंगळवारी, ऐन एक्स्पायरीला (ऑप्शन्सची मुदत संपायच्या दिवशी), मी चार्टकडे बघत बसलेलो आणि मागच्या विंडोत स्टॉपलॉसची (तोटा मर्यादेत थांबवणारी) ऑर्डर रिजेक्ट झाल्याचा मेसेज येऊन पडलेला, तो मला सात-आठ मिनिटांनी दिसला. गेले ते पैसे गेले, पण त्याच संध्याकाळी ठरवलं की आता स्क्रीन वाढवायच्या.

दोन चोवीस इंची मॉनिटर आणले, दोन एचडीएमआय असलेला हब (एका पोर्टचे अनेक करणारा डबा) आणला, लॅपटॉपच्या टाईप-सीला लावला. हबवर माऊस चालतो, पेनड्राईव्ह चालतो, आणि मॉनिटरवर नो सिग्नल. केबल बदलल्या, हब बदलून आणला, तरी तेच. दोन रविवार ह्यातच गेले. तुम्ही कोणी असं जोडलं असेल तर कुठल्या पोर्टला काय लावलं, कुठं अडलात, आणि आता कुठल्या स्क्रीनवर काय ठेवता ते सविस्तर लिहा, फोटोपेक्षा लिहिलेलं जास्त कामाला येईल.

*

कॉलेज रोडहून लिहितोय, दिवसा आयटीची नोकरी आणि स्विंग ट्रेडिंग (शेअर काही दिवस ठेवून विकणं). दादा तुमच्या हबमध्ये दोष नसणार. टाईप-सी हा नुसता भोकाचा आकार आहे, त्यातून काय काय जाणार ते लॅपटॉपमागे वेगळं असतं. काहीत फक्त डेटा जातो, काहीत डेटा आणि चार्जिंग, आणि काहीतच व्हिडिओ. व्हिडिओ जाणाऱ्याला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात. पोर्टशेजारी डीपीचं छोटं चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज छापलेली असेल तर व्हिडिओ जातो, पण चिन्ह नाही म्हणजे सोय नाही असंही नाही, म्हणून लॅपटॉपच्या खाली मॉडेल नंबर असतो तो टाकून कंपनीच्या स्पेसिफिकेशनच्या पानावर त्या पोर्टपुढे काय लिहिलंय ते वाचायचं. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि ते मॉनिटर घ्यायच्या आधी करायचं, मी स्वतः नंतर केलेलं.

दुसरं, एकूण स्क्रीन किती चालणार हे आतल्या ग्राफिक्सवर ठरतं. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या बऱ्याच लॅपटॉपना एका वेळी तीन डिस्प्ले, अकराव्यापासून चार, आणि ह्यात लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन पण धरलेली असते. म्हणजे दहाव्या पिढीला बाहेरचे तीन लावायचे तर लॅपटॉपची स्क्रीन बंद करावी लागणार. तुम्हाला दोनच लावायचेत, म्हणजे एक थेट एचडीएमआयला लावा, तो तर लगेच चालेल. दुसऱ्याचं खाली कोणीतरी सांगेलच.

*

सिडको. मी स्प्लिटर आणला होता. एका एचडीएमआयचे दोन होतात असं दुकानदार म्हणाला आणि झाले पण, फक्त दोन्हीवर एकच चित्र. स्प्लिटर चित्राची कॉपी करतो, जागा वाढवत नाही. विंडोज आणि पी दाबून एक्स्टेंड केलं तरी लॅपटॉपला तो एकच मॉनिटर दिसतो. ज्यांना वेगवेगळं दाखवायचंय त्यांनी ह्या वाटेला जाऊच नका.

*

मी गंगापूर रोडला राहते, मुलं शाळेत गेली की सव्वानऊ ते बारा एवढंच ट्रेड करते. माझ्याकडे मॅकबुक एअर आहे, एम1 चा. घेताना काहीच माहीत नव्हतं की ह्याला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. दोन एचडीएमआयचा हब लावला तर दोन्ही मॉनिटरवर सेम चित्र, मला वाटलं सेटिंगचं काहीतरी असेल, तासभर शोधत होते. नंतर समजलं की असे हब ज्या एमएसटी पद्धतीनं दोन चित्रं पाठवतात ती विंडोजवर चालते, मॅकवर त्यातून दोन वेगळे स्क्रीन निघत नाहीत.

माझं काम डिस्प्लेलिंकच्या डॉकनं झालं. ह्यात चित्र ग्राफिक्सच्या वाटेनं न जाता यूएसबीच्या डेटातून जातं, लॅपटॉपमध्ये त्याचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं आणि मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते, ती परवानगी बघून मी आधी घाबरले होते पण त्याशिवाय चित्रच येत नाही. चार्ट, वॉचलिस्ट, एक्सेल सगळं व्यवस्थित. मात्र प्रोसेसरवर भार येतो हे खरं आहे, चार्ट भराभर सरकवला की किंचित मागं राहिल्यासारखं वाटतं. आणि पैसे देऊन बघायचे ओटीटीवाले सिनेमे त्या स्क्रीनवर काळे दिसतात, ते लॅपटॉपवरच बघायचे. दादा, तुमच्या टाईप-सीमधून व्हिडिओ जात नसेल तर तुम्हाला पण हाच उपाय आहे, कारण ह्याला नुसता डेटा लागतो. फक्त घेताना पाकिटावर डिस्प्लेलिंक असं लिहिलेलं बघून घ्या, दिसायला सगळे हब सारखेच असतात.

*

नाशिकरोड, निवृत्त, वय 66. डोळ्यांमुळे मला मोठी अक्षरं लागतात म्हणून घरातला 43 इंची फोरके टीव्हीच लॅपटॉपला लावला. पहिले दोन दिवस माऊस ओढल्यासारखा चालायचा, हाताबरोबर येईना. मुलानं पुण्याहून फोनवर बघितलं, लॅपटॉप जुना, त्याचं एचडीएमआय 1.4 चं, त्यातून फोरके फक्त 30 हर्ट्झवर (सेकंदाला 30 चित्रं) जातं. रिझोल्यूशन फुल एचडी आणि 60 हर्ट्झ केलं, माऊस सुरळीत झाला. फोरके 60 वर पाहिजे तर एचडीएमआय 2.0 दोन्हीकडे हवं आणि केबल पण तशी हवी.

टीव्ही वापरणाऱ्यांनी अजून एक करा. टीव्ही कडेचा भाग कापतो, त्यामुळे खालची टास्कबार अर्धी दिसत नाही, आणि लाल-हिरव्या आकड्यांच्या कडा फुटतात. रिमोटनं इनपुटचं नाव पीसी ठेवा आणि पिक्चर साईझमध्ये स्क्रीन फिट किंवा जस्ट स्कॅन असं जे असेल ते निवडा. आमच्याकडे एवढ्यानं आकडे स्वच्छ झाले. अंतर चार फूट तरी ठेवा, मी आधी टेबलावरच ठेवून बसायचो, आठवड्यात मान धरली.

*

पिंपळगाव बसवंतहून. द्राक्षबाग आहे, दिवसभर बागेत, संध्याकाळी एमसीएक्सवर (कमोडिटी बाजारात) क्रूड, म्हणजे कच्चं तेल, बघतो. वर सगळ्यांनी पोर्टचं लिहिलं, मी लाईटचं लिहितो कारण आमच्याकडं खरा त्रास तिथं आहे. लॅपटॉपला बॅटरी असते, मॉनिटरला नसते. मागच्या पावसाळ्यात पोझिशन उघडी (सौदा मिटवायचा बाकी) असताना लाईट गेली, दोन्ही मॉनिटर काळे, वायफाय बंद, आणि सगळ्या विंडो एकदम लॅपटॉपच्या बारक्या स्क्रीनवर गोळा होऊन एकावर एक. ऑर्डरची विंडो शोधेपर्यंत भाव कुठल्या कुठं गेला.

आता असं केलंय. मॉनिटर घरातल्या इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतले, चोवीस इंची एलईडी पंचवीस-तीस वॅटच्या आसपासच खातो, दोन असले तरी एका पंख्याएवढं पण होत नाही. इन्व्हर्टरला मागं यूपीएस मोडचं बटण असतं ते चालू ठेवलं की बदल इतका झटकन होतो की मॉनिटर मिटतच नाही. राऊटर आणि फायबरचा डबा, दोघांना बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, दीड हजारात आला, सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू हीच. आणि विंडोज 11 च्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर परत जोडला की विंडो आपल्या जागी जाण्याचा पर्याय आहे, तो टिक करून ठेवा. शिवाय मोबाईलवर ब्रोकरचं ॲप लॉगिन करूनच बसायचं, खरड छाटणीच्या दिवसात तर मी तेवढ्यावरच असतो.

*

पाथर्डी फाटा. माझा अनुभव थोडा उलटा आहे पण लिहितो. माझ्याकडे चार स्क्रीन होत्या. बँक निफ्टी, निफ्टी, सेन्सेक्स, सगळ्यांचे एक मिनिटाचे चार्ट, बातम्या, वर एक टीव्ही. जितकं दिसायला लागलं तितके सौदे वाढले, दिवसाला तीस-चाळीस. सेबीनं (शेअर बाजाराच्या नियामकानं) सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिले होते की 2021-22 ते 2023-24 ह्या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, त्या 93 मध्ये मी पण होतो. आता लॅपटॉप आणि एक सत्तावीस इंची. मॉनिटरवर एकच चार्ट पंधरा मिनिटांचा, लॅपटॉपवर ऑर्डर आणि पोझिशन, बस. धागा काढणाऱ्या दादांचं कारण मला पटतं, ऑर्डरची विंडो झाकली जाऊ नये म्हणून दुसरी स्क्रीन पाहिजेच. तिसरी घेताना मात्र तिच्यावर काय ठेवणार ते आधी कागदावर लिहा, नाही लिहिता आलं तर थांबा.

*

धागा काढणारा परत. सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी वेळ काढून लिहील असं वाटलं नव्हतं. मॉडेल नंबर टाकून बघितलं, माझ्या टाईप-सीपुढे फक्त डेटा एवढंच लिहिलंय, म्हणजे हब कितीही बदलला असता तरी काही झालं नसतं. एक मॉनिटर थेट एचडीएमआयला लावला, दुसऱ्यासाठी ताईंनी सांगितलेला डिस्प्लेलिंकवाला अडॅप्टर मागवला, काल आला, सॉफ्टवेअर टाकलं आणि दहा मिनिटांत चित्र आलं. सारखा हलणारा चार्ट एचडीएमआयवाल्यावर ठेवलाय, ऑप्शन चेन अडॅप्टरवाल्यावर, तिथं किंचित उशीर झाला तरी मला चालतो.

पाथर्डी फाट्याच्या दादांचं वाचून लॅपटॉपच्या स्क्रीनवर दुसरं काहीच ठेवलं नाहीये, फक्त ऑर्डरबुक आणि पोझिशन, आणि ती विंडो मी पूर्ण मोठी करून ठेवतो म्हणजे तिच्यावर काही येणारच नाही. आज सकाळी नऊला प्री-ओपनला (बाजार उघडायच्या आधीच्या सत्राला) बसलो. साडेदहाला मार्जिन (सौद्यासाठी खात्यात लागणारी रक्कम) कमी पडल्यामुळे एक ऑर्डर रिजेक्ट झाली, आणि मला ती त्याच क्षणी दिसली.

राऊटरचा छोटा यूपीएस बघायला संध्याकाळी एमजी रोडला जातोय, पिंपळगावचे भाऊ, तुमचा किती अँपिअरचा आहे तेवढं सांगून ठेवा.