सिंहस्थाच्या खडीसाठी त्र्यंबकचे डोंगर फोडायचे का?

डोंगरवाट: नाशिकच्या 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी रस्ते होणार, त्यांना खडी लागणार, हे मान्य. पण ती त्र्यंबक-अंजनेरीच्या रांगेतून काढू नये. ज्या गोदावरीत स्नानाला लोक येणार, ती ब्रह्मगिरीवरच उगम पावते, आणि त्याच्याच पायथ्याशी 2021 मध्ये खोदकाम झालं होतं. अंजनेरीच्या कड्यांत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, तेही हिवाळ्यात, पावसाळा सरून खाणी जोरात चालू झालेल्या असतात तेव्हा. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे खरं, पण सुरुंगाचा हादरा हद्दीच्या खांबापाशी थांबत नाही.

सिन्नरकर: माझे दोन डंपर आहेत, हप्ते खडीवरच फिटतात. तुमच्या घराचा स्लॅब कशाचा आहे? आख्खा जिल्हा काळ्या दगडाचा, कुठेही खोदा, कुणाचा तरी देव निघतोच. तिकडे बंदी घातलीत की क्रशर आमच्या शिवारात येणार. आमच्या कांद्यावर धूळ बसलेली चालते का?

सुरगाण्याची: भाऊ, ‘कुणाचा तरी देव’ हे लागलं मला. आम्ही कोकणा आदिवासी. मार्गशीर्षात आमच्या माऊल्या, म्हणजे व्रत धरणारे, डोंगऱ्यादेवाचं पथ्य पाळतात, पावरी वाद्याच्या सुरावर नाचतात, शेवटी रात्री डोंगराकडे जातात. तिथे बांधलेलं देऊळ नाही, डोंगरच देव. देऊळ दुसरीकडे बांधता येईल, डोंगर कुठे नेणार? 1996 च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित, म्हणजे आदिवासी क्षेत्रात गौण खनिजाचा (दगड, मुरूम वगैरे) पट्टा द्यायचा किंवा लिलाव करायचा तर आधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस लागते. ओडिशात नियमगिरी डोंगरातल्या बॉक्साइटच्या खाणीबद्दल 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना ठरवायला सांगितलं. बाराच्या बारा ग्रामसभा ‘नाही’ म्हणाल्या.

सिन्नरकर: ताई, तो शब्द मागे घेतो. पण ग्रामसभा ‘हो’ म्हणाली तर? मजुरीसाठी द्राक्षबागांत जाणाऱ्यांना गावातच काम मिळालं तर नको असेल का?

सुरगाण्याची: म्हणाली तर म्हणाली, गावाचा निर्णय. पण एकदा आमच्याकडे हजेरीच्या सह्याच होकार म्हणून दाखवल्या होत्या. तसली ग्रामसभा मी मानत नाही.

डोंगरवाट: मला गावाचा खरा होकारही पुरत नाही. कड्यात अंडं असताना सुरुंग नकोच. आणि सिन्नरकर, धुळीचं तुमचं बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पण भरावाला मुरूमच कशाला? एकलहऱ्याच्या वीज केंद्राची राख भरावात चालते. निदान तेवढा डोंगर तरी वाचेल.

सिन्नरकर: राख वाहायला माझे डंपर तयार आहेत. खडीचं मात्र राखेनं भागणार नाही.