अनुभव धागा : अँटेना, बूस्टर आणि पडद्यावरच्या मुंग्या

कातळवाट
गावच्या घराची कौले बदलताना माळ्यावर अँटेनाचा संकेत वाढवणाऱ्या बूस्टरची पत्र्याची डबी सापडली, म्हणून हा धागा काढत आहे. आमच्या वाडीला सर्वांत जवळचे प्रक्षेपण केंद्र 100 वॅटचे, शिवाय मध्ये डोंगर. त्यामुळे पडद्यावर चित्रापेक्षा मुंग्याच (थरथरते काळे-पांढरे ठिपके) अधिक असत. काकांनी बूस्टर आणून टीव्हीशेजारी ठेवला, तेव्हा चित्र उजळले खरे, परंतु मुंग्याही तितक्याच ठसठशीत झाल्या. पुढे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी तीच डबी बांबूवर अँटेनालगत बांधून दिली आणि बातम्या देणाऱ्या बाईंच्या साडीचे काठ प्रथमच दिसले. आपलेही अनुभव लिहावेत.

सोल्डरगन
ते गृहस्थ जाणकार होते. तारेतून खाली येईपर्यंत संकेत क्षीण होतो. बूस्टरची स्वतःची खरखर मात्र तो वर लावा की खाली, तेवढीच राहते. म्हणून संकेत सशक्त असतानाच तो वाढवावा लागतो. आजच्या आरजी-6 केबलच्या 30 मीटरमध्येही यूएचएफ (टीव्हीच्या अधिक वारंवारतेच्या पट्ट्यातील) संकेत सुमारे 5 डेसिबलने घटतो, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश शक्ती उरते. वरच्या डबीला लागणारी वीज त्याच केबलमधून चढवतात.

माळरान
आमच्याकडे घाटावर मुंबईचेच चॅनेल 4 पकडण्याचा वडिलांचा हट्ट होता. त्याचे चित्र 62.25 मेगाहर्ट्झवर येई. तरंगलांबीचा अर्धा भाग जवळजवळ 2.4 मीटर असल्याने अँटेनाच्या दांड्या माणसाहून लांब असत आणि त्यांवर बसणारे कावळे त्या वाकवून ठेवत. बूस्टरवर खर्च करण्यापूर्वी पाइप आणखी उंच करावा, असे आईचे मत होते आणि तेच बरोबर ठरले.

शेवंती२
आमची आजी बूस्टरच्या लाल दिव्याला तिन्हीसांजेला हात जोडत असे. हे विषयाला सोडून नाही, असे मानून लिहिले आहे.

खाडीकाठ
@शेवंती२, आजींना नमस्कार सांगावा.
आमचे घर समुद्राला लागून आहे. वैशाखातल्या काही संध्याकाळी आमचे नेहमीचे केंद्र बाजूला राही आणि अरबी लिपीतील पाट्या दिसू लागत. शेजारच्या बापूंनी याचे सारे श्रेय नव्या बूस्टरला दिले आणि दोन घरांना तसलाच घ्यायला लावला. वास्तविक समुद्रावरील थंड, दमट हवेवर उष्ण, कोरड्या हवेचा थर बसला की लहरी त्याखालून शेकडो किलोमीटर वाहत जातात. पाऊस सुरू झाल्यावर बापूंचा आखात बंद पडला.

मिशिगनतीर
शिकागोत भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूने छपरावर जबर ताकदीचा बूस्टर लावून ठेवला होता. अमेरिकेत 12 जून 2009 पासून मोठ्या केंद्रांचे प्रक्षेपण डिजिटल झाल्याने मुंग्या दिसतच नाहीत. चित्र एक तर स्वच्छ येते, नाही तर चौकोन पडून गोठते. शहरातील मनोरे इतके जवळ की बूस्टर अतिभाराने गुदमरत होता, आणि मोबाइलच्या लहरीही तो निमूटपणे वाढवत होता. तो काढून केबल थेट जोडली आणि हरवलेली चॅनेल परत आली. माझ्या मते दुर्बल संकेताचे औषध प्रबळ संकेताला देऊ नये, इतके तरी खोक्यावर छापायला हवे.

कातळवाट
ही सापडलेली डबी डिजिटल प्रक्षेपणासाठी वापरता येईल का?

सोल्डरगन
तिच्यावर वारंवारतेचा पट्टा लिहिलेला असेल, तो आधी पाहावा. केवळ 47 ते 230 मेगाहर्ट्झ असे असेल, तर डिजिटल प्रक्षेपण सहसा ज्यावर असते त्या यूएचएफसाठी ती निरुपयोगी आहे. अडॅप्टर इतकी वर्षे पडून असल्याने तपासल्याशिवाय प्लगमध्ये घालू नये.

खाडीकाठ
डबीचे छायाचित्र टाकावे. बापूंचीही तीच होती की काय, हे पाहायचे आहे.